आमच्या गल्लीतले पंधरा पेशंट

नीटला पहिल्या वेळी माझे मार्क कमी पडले आणि मी घरी बसून दुसऱ्यांदा तयारीला लागले. त्याच वर्षी आमच्याकडे जर्मनीची एक मुलगी राहायला आली. माझ्याच वयाची. शाळा संपल्यावर वर्षभर परदेशात सेवा करायची म्हणून ती आमच्या शिरड शहापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आली होती. माझी आई गावात आशाताई, म्हणजे घरोघर फिरणारी आरोग्यसेविका, सगळ्यांच्या ओळखीची, म्हणून तिची सोय आमच्या घरी लागली. शेजारच्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "जर्मनची म्हंजे? ते डबे-पातेले असतेत, ते जर्मन?" मी "व्हय" म्हणून मोकळी झाले. महिनाभर गल्ली तिला ॲल्युमिनियमच्या डब्यांवरून 'डब्यावाली' म्हणत होती आणि ती प्रत्येकाला हसून नमस्कार करत होती.

तिलाही डॉक्टरच व्हायचं होतं. परत गेल्यावर लगेच तिची तिकडची प्रवेश परीक्षा होती. ती शाळेतून आली की आम्ही पंख्याखाली समोरासमोर बसायचो. मी वनस्पतींची कुळं घोकायची आणि ती पेशंट. तिच्या परीक्षेत तसा एक भागच होता. पंधरा रुग्णांचं नाव, वय, काम आणि आजार काही मिनिटांत पाठ करायचे, मग कागद काढून घेतात आणि बऱ्याच वेळानं विचारतात की बेकरीवाल्याला काय झालं होतं. तिच्याजवळचे सरावाचे कागद संपले, तेव्हा ती मला म्हणाली, "तू बनव. इकडची नावं घाल, म्हणजे अवघड जाईल."

मला भौतिकशास्त्राचा कंटाळा आलाच होता. गल्लीच्या एका टोकापासून सुरुवात केली. नावं, वयं, कामं सगळी खरी, आजार तेवढे माझे. सरपंचांना विसरभोळेपणा दिला. दिवसभर तोंड चालू असणाऱ्या मावशींची वाचा घालवली. चक्कीवाल्याला कमी ऐकू येणं. आणि शिंपीचाचांनी दिवाळीत माझा ड्रेस बिघडवला होता, म्हणून त्यांना मूळव्याध.

तिनं सगळं पाठ केलं. पण तिला वाटलं, आई रजिस्टर घेऊन घरोघर फिरते, तर हे आईचेच पेशंट असणार. तसं मी म्हणाले नव्हते. तसं नाही, असंही म्हणाले नव्हते.

चौथ्या दिवशी तिचा कुर्ता ढिला पडतो म्हणून आम्ही चाचांच्या दुकानात गेलो. चार-पाच गिऱ्हाइकं बसलेली. कुणीतरी चाचांना नावानं हाक मारली आणि माझ्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा उजळला. तिनं हात जोडले आणि आईकडून शिकलेल्या मराठीत खणखणीत विचारलं, "चाचा, मूळव्याध कशी हाय आता? लई तकलीफ होऊन राहिली का?"

मशीन थांबलं. गिऱ्हाइकं जमिनीकडे बघायला लागली. चाचा माझ्यावर ओरडतील म्हणून मी तयारीत उभी होते. पण त्यांनी टेप खाली ठेवली, मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "तुझ्या आईनं सांगितलं ना? तिनंच मला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं होतं. माझ्या घरात बी कोनाला मालूम न्हाई."

मी काही बोलायच्या आत ते मशीनवर जाऊन बसले होते.

संध्याकाळी त्यांचा निरोप आला, "आशाताईंनी आता आमच्या घरी येऊ नये." त्यांच्या सुनेला सातवा महिना होता आणि तिची तपासणी आईच करवून घेत होती. "मी कोनाजवळ एक शब्द बोलले न्हाई," आई म्हणाली. मग मी सगळं सांगून टाकलं. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

"ऊठ," ती म्हणाली, "ते कागदं घे आन जा चाचाकडं."

जर्मन मुलगीही रडत रडत माझ्याबरोबर आली. चाचा दुकान आवरत होते. मी एका दमात सांगितलं, की आईचा काही संबंध नाही, आजार मी मनानं लिहिले.

"मंग माझा बराबर कसा लिवला?"

"तुमी माझा ड्रेस बिघडवला होता. रागात लिवला."

चाचांनी चष्मा लावला. "दाखव बाकीच्यांचं." एकेक कागद वाचत गेले. सरपंचांच्या कागदावर त्यांचे खांदे हलायला लागले. "हे बी बराबर हाय की!" चक्कीवाल्यापर्यंत आले तेव्हा डोळे पुसत होते. शेवटी स्वतःचा कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे खोड. दिलाचं काहीतरी लिव. दिलाच्या बीमारीत इज्जत असती."

मी तिथंच खोडलं आणि हृदयविकार लिहिला.

सकाळी चाचा स्वतः दारात आले आणि आईला म्हणाले, "सुनबाई वाट बघून राहिली." आई गेली. मला मात्र पुढचे सगळे रविवार रजिस्टर घेऊन तिच्यामागे फिरावं लागलं. काही घरांपाशी ती रजिस्टर माझ्या हातातून काढून घ्यायची. "तू भाईर थांब." मी थांबायची. एकदा मोह आवरला नाही, दाराला कान लावला. आत माझ्याच लग्नाचा विषय चालला होता. मी उडी मारून रस्त्यावर आले.

वर्ष संपल्यावर जर्मन मुलगी परत गेली, परीक्षा दिली, तिला प्रवेश मिळाला. मलाही यावेळी जमलं, नांदेडला. पहिल्याच आठवड्यात शवविच्छेदनाच्या खोलीत मला घेरी आली. तिला कळवलं, तर लगेच उलट निरोप आला: तिला दोनदा आली होती.