वाचनवालीनं बदललेला शेवट

हातमोज्यांच्या त्या कारखान्यात शिवणाऱ्या बायकांची एक वाचनवाली होती. आधी तीही शिवायलाच बसायची. पण कातड्यातून ओढताना सुई एकदा अंगठ्यात अशी घुसली, की अंगठा कायमचा आखडला. मालक तिला घरी पाठवायला निघाला तेव्हा बायका आडव्या आल्या. तिच्या वाटणीचं काम आम्ही उरकू, ती आम्हाला वाचून दाखवेल, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

तिथलं सगळं काम हाताचं, यंत्रांचा खडखडाट नाही, त्यामुळे तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. प्रेमकथा झाल्या, खुनाच्या कथा झाल्या, एकदा तर स्वयंपाकाचं पुस्तक वाचलं आणि जेवणाच्या सुट्टीआधीच सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले.

मग तिनं वाचनालयातून एक जुनं महाकाव्य आणलं, सोप्या गद्यात उतरवलेलं. त्यातल्या राजाचा धाकटा भाऊ मरतो आणि राजा राज्य वाऱ्यावर सोडून अमरत्व शोधायला निघतो. आणताना तिनं ते चाळून पाहिलं नव्हतं. राजा भावाच्या प्रेताजवळून उठेना, तिथवर वाचन आलं आणि ती अडखळली. समोर तिची थोरली बहीण शिवत होती. ताईचा एकुलता एक लेक काही महिन्यांपूर्वीच तापाचं निमित्त होऊन गेला होता. तेव्हापासून ताईनं त्याचा विषय काढला नव्हता, इतर कुणाला काढू दिला नव्हता.

वाचनवालीनं पुस्तक बदलायचं ठरवलं, पण ताईच नको म्हणाली. राजा जसजसा मिठाची वाळवंटं तुडवत पुढे जाऊ लागला, तसतशी ती अधिकच कान देऊन ऐकू लागली. एका संध्याकाळी घरी जाताना तिनं हळूच विचारलं, "मिळतं का गं त्याला शेवटी?"

धाकटीनं घरी जाऊन शेवट वाचला. राजाला काहीच मिळत नव्हतं. विचारतानाचा ताईचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. दुसऱ्या दिवशी तिनं पानावर नजर ठेवून मनचंच वाचलं: राजाला अमृत सापडलं, त्यानं ते आणून भावाच्या ओठांवर सोडलं, आणि भाऊ उठून बसला.

बायकांनी डोळे पुसले. ताईनं मात्र हातमोजा खाली ठेवला.

"हे पुस्तकात नाहीये," ती म्हणाली.

"आहे ना, ताई."

"ते दोघे अमर झाले असते, तर आज कुठंतरी असते. मग त्यांची गोष्ट आपल्याला पुस्तकातून कशाला ऐकावी लागली असती? खरं काय ते वाच."

धाकटीनं पान मागे उलटलं आणि खरं ते वाचलं. जगाच्या टोकाला राजाला एक म्हातारा भेटतो. त्याला मरण नाही, पण इतकी युगं लोटलीत की स्वतःच्या मुलांची नावंही तो विसरलाय. तो राजाला विनवतो, तू माणसांतून आलायस, माझ्या एखाद्या मुलाचं नाव तरी सांग. राजाला ते माहीत नसतं. तो रात्रभर म्हाताऱ्याजवळ बसून आपल्या भावाबद्दल बोलत राहतो आणि सकाळी रिकाम्या हातांनी परत फिरतो.

वाचन संपलं तरी कुणी सुई उचलली नाही. मग ताईनं आपल्या लेकाचं नाव घेतलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"झोपेत हसायचा तो," ती म्हणाली. "मोठा बाप्या झाला तरी."

कातडं कापणारी एक बाई म्हणाली, तो एकदा डबा द्यायला आला होता आणि जाता जाता आमचा पंखा दुरुस्त करून गेला. दुसरीला त्याचं बेसूर गाणं आठवलं. ताई हसली, आणि हसता हसता रडायला लागली. सुपरवायझर बघायला आला आणि दारातूनच परत गेला.

संध्याकाळी दोघी बहिणी चालत निघाल्या. ताई बोलत होती: लहानपणी तो कसा हट्ट करायचा, आजारपणात काय मागायचा. धाकटी नुसतं हं हं करत होती. तिच्या गल्लीचं वळण आलं तरी ताईचं बोलणं थांबलं नाही, तेव्हा तीही न वळता ताईच्या घरापर्यंत गेली. लेकाची बंद खोली ताईनं उघडली, खिडकी उघडली आणि त्याच्या पलंगावर बसत धाकटीला म्हणाली, "बस. अजून खूप सांगायचंय."