घट्ट गाठ आणि पॅनमनचं बोट

बुधवारी दुपारी बीडच्या दवाखान्यात रिपोर्टची वाट बघत बसलो होतो... मी आणि सुभद्रा. डोक्यावरचा पंखा इतका हळू फिरत होता की पाती मोजता येत होती. मी दोनदा मोजली. दोन्ही वेळा तीनच भरली.

सुभद्रा माझी बायको. तिच्या छातीतली गाठ काढून पंधरा दिवस झाले होते. हे तिला विचारूनच लिहितोय, नाहीतर माझी खैर नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. सगळी नोकरी सहकारी साखर कारखान्यात पॅनमन म्हणून केली. पॅन म्हणजे उसाचा रस आटवून साखरेचा दाणा धरवायचं भलंमोठं भांडं. त्यातला पाक थोडा काचपट्टीवर घ्यायचा, उजेडासमोर धरायचा, मग अंगठ्या-बोटात चोळून बघायचा. दाणा कितपत बसलाय ते बोट सांगतं... माझं बोट चुकत नाही असं साहेब लोकही म्हणायचे. तेच डोक्यात बसलं.

यंदा पाऊस नाही, म्हणून ऊस नाही. कारखान्याचं धुराडं थंड आणि लिंबागणेशकडच्या आमच्या गावात टँकर. टँकरची भरलेली घागर छातीशी धरून उचलताना सुभद्राला गाठ लागली. तिनं मला सांगितलं आणि मी काय केलं? बोट ठेवलं.

गाठ घट्ट होती. आठ दिवसांनी तेवढीच घट्ट. मला बरं वाटलं... पॅनमध्ये दाणा दाण्याला खेटून गच्च बसला की जागचा हलत नाही. ही गाठही तशी बसलीय, कुठं जाणार नाही, असं मी धरून चाललो आणि तिलाही तेच सांगितलं. रोज सकाळी चहाआधी माझी तपासणी.

"काहून दाबताय सारखं? म्या काय तुमचा पॅन हाय का?" ती म्हणायची. "आन् झाले तयार, तर पोत्यात भरताय व्हय मला?"

मी हसायचो. असे दोन महिने गेले... शेवटी तीच म्हणाली, "तुमचं बोट ऱ्हाऊ द्या घरी, मी चालले बीडला." मग मीही मागोमाग एसटीत चढलो.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, इतके दिवस का थांबलात? सुभद्रानं माझ्याकडं पाहिलं न पाहिलं केलं आणि म्हणाली, "पाणी भरायचं व्हतं. टँकर लई उशिरा येतो."

मीही मान डोलावली.

तपासणीत कॅन्सर निघाला, ऑपरेशन ठरलं. तेव्हा न राहवून मी बाईंना विचारलं, "घट्ट आहे म्हणजे एका जागी बसलेली आहे ना?"

"उलट आहे, बाबा," त्या म्हणाल्या आणि कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं. कॅन्सरच्या ह्या पेशी वाढत जातात, जागा पुरत नाही, मग एकमेकींना रेटतात. भोवतालचं मांसही ताठ होतं. बोटाला घट्ट लागतं ते हे सगळं... पण आतली एकेक पेशी मऊ असू शकते. दाटी फार झाली की एखादी लांबट होते, फटीतून सरकते. तिच्या मागून दुसरी. वरून दगडासारखा लागणारा गोळा आतून वाहायला लागतो. त्याच्याभोवती एक पातळ पडदा असतो, तो ओलांडलाय की नाही ते काढलेली गाठ पूर्ण तपासल्यावर कळेल.

चित्रातल्या त्या लांबट पेशी मला ओळखीच्या वाटल्या. दुष्काळी हंगामात तोडून वाळत पडलेल्या उसाचा दाणा असाच लांबट पडायचा. काचपट्टीवर कितीदा पाहिलाय! दाण्याचा आकार बिघडला की पुढं त्रास, हे मला ठाऊक होतं... पण साखरेपुरतंच.

तर बुधवारी त्या पंख्याखाली माझा डोळा लागला. पॅनमध्ये डोकावायची काच दिसली, आत तोच जुना तांबूस उजेड. दाणे कपिलधारच्या यात्रेतल्या माणसांसारखे खांद्याला खांदा लावून बसलेले... मग एकानं अंग चोरलं, बारीक झाला, दोघांच्या मधून निघाला. त्याच्यामागं अख्खी रांग, शांतपणे, जणू कुणी हाक मारलीय. मी म्हणत होतो, बसा, बसा रे... पण रांग काही थांबत नव्हती.

"उठा, बोलावलंय," सुभद्रानं कोपर मारलं.

बाईंनी रिपोर्ट वाचला, मागचं पान उलटून पुन्हा वाचला. मला तेवढ्यात काय काय सुचलं ते सांगत नाही. मग म्हणाल्या, "पडदा शाबूत आहे. सगळ्या पेशी आतच होत्या. पुढचे उपचार आणि तपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत."

तेव्हा मला बोलावंच लागलं. "बाई, पाणी-टँकर काही नाही. दोन महिने मी थांबवलं हिला. रोज दाबतही होतो..."

दाबल्यानं पसरत नाही, बाई म्हणाल्या. पण थांबल्यानं पसरू शकलं असतं. त्या रागावल्या नाहीत, त्यानं जास्तच लागलं.

सुभद्रा पिशवी उचलत म्हणाली, "सांगून मोकळे झालात एकदाचे. चला, एसटी जाईल."

परतताना एसटीच्या खिडकीतून पालीजवळचं धरण दिसलं. पाणी तळाशी गेलेलं, बाकी सगळा भेगाळलेला गाळ, त्यावर ऊन झळाळत होतं... मला ते पुन्हा पॅनसारखं दिसायला लागलं. सुभद्रानं न बोलता माझं बोट धरलं, मुठीत घट्ट.

"हे आता माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या," म्हणाली.

गाव येईपर्यंत तिनं ते सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही.