अनुसयाबाईच्या फोटोची साफसफाई

हसायचं असंल तर आधीच हसून घ्या, नाहीतर मंग चहा सांडंल. आदिलाबादेत जलमलो, कापसाच्या गाड्या पाहत म्हातारा होऊन राह्यलो, अन् तरी माह्या हातून जे घडलं ते सांगाले मलेच लाज वाटते.

माहा फोटो छापायचा धंदा. साधे नाही, भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या टिकतीन असे. त्याचा कागद कापसाचाच असते, जाड अन् मऊ. पण त्याची एक खोड हाये. छापताना कागदावरचा बारीक तंतू शाईसकट मांगून उडाला, का तिथं पांढरा ठिपका राह्यते. तो मी बारीक ब्रशानं, रंग मिसळून, हातानं भरतो. मशीन नुसतं छापते, फोटोत जीव हातानंच येते, असं येणाऱ्या-जाणाऱ्याले ऐकवायची मले भारी हौस.

तर तलमडुगू गावचे एक मास्तर आले. त्यांच्या आईनं, अनुसयाबाईनं, उभा जलम दुसऱ्याच्या वावरात कापूस येचला. आता घरचं वावर झालं, अन् त्यात उभी राहून तिनं फोटो काढून घेतला. काळा-पांढरा.

"उद्या नव्या घरात पाहुणे येतीन," मास्तर म्हणे. "आईले समोरच्या भिंतीवर हाच पाह्यजे. निगुतीनं करा, भाऊ."

निगुतीनं? मी तर जेवण विसरलो. कॉम्प्युटरवर मी फक्त म्हातारीचा चेहरा पाह्यला होता. मोठा छापल्यावर पाह्यतो तर तिच्या मांगं दूरवर ठिपकेच ठिपके. म्हटलं, कागदच खराब आला. बसलो भरत. एक भरला का दुसरा दिसे.

बायको म्हणे, "अहो, डोळे जातीन तुमचे."

"कला हाये ही. तुले नाही समजणार."

संध्याकाळी मायलेक आले. मी ऐटीत फोटोवरचा कपडा बाजूले केला. मास्तर डोळे चोळून पाहाले लागले. मले वाटलं, भरून आलं बिचाऱ्याले.

म्हातारी जवळ गेली, चष्मा सारखा केला. "बाबू, मी हाय. पराटीचं झाड न् झाड हाय. कापूस कोनं येचला?"

झालं! ते ठिपके नव्हते हो, फुटलेली बोंडं होती. तिच्या घरच्या वावरातला पहिला कापूस. अन् मी, या कापसाच्या मुलखातला माणूस, तोच पुसून बसलो होतो. रडूच येऊन राह्यलं मले.

"बाई, आत्ता दुसरा छापतो. ब्रशाले हात लावत नाही."

जसा मशीनीतून निघाला तसाच देला. वावर पांढरंशुभ्र. म्हातारीचा चेहरा खुलला, तवा माह्या जीवात जीव आला. कागदाचे खरे ठिपके त्यात असतीनच. तेवढंच पीक जास्त.

दुसऱ्या दिवशी जेवणाचं बोलावणं होतं. गेलो. फोटो समोरच टांगलेला. म्हातारीनं मले हाताले धरून सगळ्या बायांसमोर उभं केलं. म्हटलं, आता कलाकार म्हणून ओळख करून देते.

"याले पाहून घ्या," ती म्हणे. "आमी धा बाया येचतो तरी मांगं बोंडं सुटते. यानं एकट्यानं अख्खं वावर येचलं, एक बोंड सोडलं नाही. फुडच्या साली कापूस फुटला का यालेच बलावू."