सखूबाईंच्या खाटेवर

मार्थाबाईंचं नाव आधी लिहिते, काय घडलं ते नंतर. कारण घडलेलं सांगायला लागले की मला रडू येतं आणि नाव घ्यायचं राहून जातं. गेल्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या अंगणात तसंच झालं. बाई आता कायमच्या पुण्याला लेकाकडे निघाल्यात, म्हणून त्यांची सगळी माणसं जमली होती. एकेक जण उठून आठवण सांगत होता. पंचवटीचा एक रिक्षावाला म्हणाला, "बाई, तुम्ही गेल्यावर मला शिव्या देऊ नको असं कोण सांगणार?" बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "बायको सांगतेच आहे की रे. आता तिचं ऐक." सगळे हसले. मग माझी पाळी आली आणि मी नुसतीच उभी राहिले. माझी शाळा आठवीत सुटली, चार माणसांत बोलायची सवय नाही. तेव्हा बोलता आलं नाही ते आता लिहिते आहे.

मी ख्रिस्ती नाही. माझं गाव तिकडे पुसदच्या पुढे, नाशिकहून अख्खी रात्र एसटीत बसावं लागतं. इथे अंबडला एका कारखान्यात मी प्रेस मशीनवर होते. मी पत्रा साच्यात ठेवायचा आणि माझ्या जोडीच्या अर्चनाने पायाने पेडल दाबायचं, असं आमचं काम. अर्चना नांदगावची. आम्ही एकाच खोलीत राहायचो, एकाच ताटात जेवायचो. एक दिवस माझा उजवा हात आत असतानाच तिचा पाय पेडलवर पडला. पुढचं मला तुटक आठवतं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, हाताला कोपरापर्यंत पट्टी आली, आणि डॉक्टर म्हणाले, दोन बोटं शिवलीत, पण त्यांत रक्त फिरतं की नाही ते पट्टी उघडल्यावरच कळेल. नाही फिरलं तर काढावी लागतील.

माझा स्वभाव मुळातच घाबरट. बोटं गेली तर काम जाणार, काम गेलं तर परत गावी, आणि आईला काय तोंड दाखवू, हेच डोक्यात फिरायचं. तिला तर नुसता ताप आहे म्हणून सांगितलं होतं. दिवसभर मी त्या पट्टीकडे टक लावून बघत बसायची. देव आहे का, असला तर नेमका त्या क्षणी कुठे बघत होता, असंही मनात यायचं. आणि अर्चनाचा विचार आला की दात आपोआप आवळले जायचे.

अशा एका दुपारी भेटीच्या वेळेला पांढऱ्या साडीतल्या एक म्हाताऱ्या बाई हातात डबा घेऊन थेट माझ्या खाटेशी आल्या आणि थबकल्या.

"सखूबाई कुठे गेल्या?"

म्हटलं, "या खाटेवरच्या आजी काल घरी गेल्या."

"अगं बाई, मला न सांगता?" त्या स्टुलावर बसल्या आणि मग स्वतःशीच हसल्या. "रोज प्रभूजवळ तेच तर मागत होते, की सखूबाईंना घरी ने. आता नेलं तर मीच रुसून बसले." मग डब्याकडे बघितलं. "ही खिचडी परत नेली तर मलाच खावी लागेल, आणि मला खिचडी मुळीच आवडत नाही. तू खा."

समोरच्या खाटेवरची मावशी मोठ्याने म्हणाली, "पोरी, जपून. आज खिचडी खाशील आणि उद्या नाव बदलून बसशील."

बाईंना अजिबात राग आला नाही. "मावशी, उद्या तुमच्यासाठीही आणते. नाव आहे तेच ठेवा."

त्यांनी चमचा माझ्या डाव्या हातात दिला. मला वाटलं होतं, भरवतील. मी सांडत सांडत खाल्लं, त्या खुशाल बघत बसल्या. निघताना म्हणाल्या, "मी घरी जाऊन प्रार्थना करते. तुझी हरकत नसेल तर तुझ्यासाठीही करीन. तुझी आई ज्याला हाक मारते त्याला तू हाक मार, मी माझ्या येशूला सांगते. आणखी कुणासाठी मागू?"

"माझ्या बोटांसाठी मागा," मी म्हणाले.

"ते मागणारच. पण ती पट्टी त्याला दिसते आहे. आणखी कुणाचं नाव दे."

कुणाचंच नाही, म्हटलं. मला जरा रागच आला. इथे माझे हाल चालले होते आणि या दुसऱ्याचं नाव मागत होत्या. पण त्या रोज येत राहिल्या, खिचडीचे दोन डबे घेऊन, आणि रोज जाताना तेच विचारत राहिल्या. मी रोज मान हलवून नाही म्हणायची, त्या बरं म्हणून उठायच्या. एकदा म्हणाल्या, "खाली जिन्यावर एक मुलगी बसलेली असते. मला रोज विचारते, बोटं हलतात का. वर चल म्हटलं की पळ काढते."

मी तोंड फिरवलं. "तिचं नाव घेऊ नका."

"मी कुठे घेतलं? मला तिचं नाव ठाऊकच नाही."

मग डॉक्टरांनी सांगितलं, उद्या पट्टी उघडायची. त्या दुपारी बाई आल्या तेव्हा मी पुटपुटत होते, देवा, बोटं राहू दे, मग मी अर्चनाला माफ करते, शपथ. त्यांनी ऐकलं. माझ्या डाव्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "त्याच्याशी सौदा करू नकोस गं. आणि तू सारखं बघत राहिलीस म्हणून काही रक्त फिरत नाही. तुझ्या हातात नाही ते त्याच्या हातात राहू दे. तुझ्या हातात काय आहे ते बघ."

त्यांनी माझं पांघरूण नीट केलं. मग नेहमीसारखंच, "कुणासाठी मागू?"

माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. "अर्चना," मी म्हणाले.

त्यांनी तिथेच डोळे मिटले. मोठी प्रार्थना वगैरे काही नाही. "प्रभू, अर्चना खाली जिन्यावर बसली आहे. तिला भूक लागली असेल. तिला वर यायचं बळ दे." एवढंच. मला हुंदका फुटला. इतक्या दिवसांत ती जेवते की नाही हे माझ्या मनातही आलं नव्हतं. बाई उठून खाली गेल्या आणि थोड्या वेळाने अर्चना दारात उभी दिसली, सुकून काटकी झालेली.

"मी बघितलंच नाय गं तुझा हात," ती म्हणाली. "तू माझा पाय तोड. फिटंफाट होईल."

"मग पेडल कोण दाबणार?" मी म्हटलं.

ती आधी रडली, मग हसली, मग लय भूक लागलीय म्हणाली. तो दुसरा डबा मावशीचा होता. मावशीने तो स्वतःहून पुढे केला. त्या दिवशी मी पट्टीकडे न बघता झोपले, अपघातानंतर पहिल्यांदाच.

पट्टी उघडली तेव्हा मधलं बोट गुलाबी होतं. शेजारच्या बोटाचा शेंडा काळा पडला होता, तो काढावा लागला. चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. ते डॉक्टरांचं कसब, आणि देवाचं काय ते देवाला माहीत. मी एवढंच सांगू शकते की शेंडा गेला हे कळलं तेव्हा मी कोसळले नाही. अर्चनाने फोन धरला आणि मी आईला सगळं खरं सांगितलं. आज मी पॅकिंगला आहे, अर्चना शेजारच्या टेबलावर आहे, आणि खोली अजून एकच आहे. भीती अजून वाटते. पण जे माझ्या हातातलं नाही ते मुठीत धरून बसायचं नाही, एवढं शिकले. बाई चुकून माझ्या खाटेशी आल्या की पाठवल्या गेल्या, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "मी सखूबाईंकडे आले होते. पुढचं त्याला विचार."

बाई, रविवारी तुम्ही सांगत होतात की खांदा आता वर जात नाही, न्हाताना हात डोक्यापर्यंत पोचत नाही. तेव्हाच मी मनात ठरवलं. तुमची फेड माझ्याच्याने व्हायची नाही. तरी एक दिवस मी पुण्याला येईन, तुम्हाला उन्हात बसवीन, आणि कढत पाण्याने तुमचं डोकं धुऊन देईन. दोन्ही हातांनी.