पूर्ण हजेरीची शिल्ड

मंगल सावंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी पूनम सागरच्या बाजारात भाजी घेत होते. फोन आमच्या पॅकिंगमधल्या शबानाचा. "ताई, मंगलताई नहीं रही. अटॅक आया." हातातली मेथी परत ठेवली आणि भाईंदरची रिक्षा पकडली. वाटेत रडू आलं नाही, संताप आला... तो अजून गेलेला नाही.

भाईंदर पूर्वेला आमचा स्टीलच्या डब्यांचा कारखाना. मी माल पाठवण्याचं बघते, मंगल पॅकिंगची सुपरवायझर होती. दर शनिवारी चहाला ती सगळ्या बायकांना गोल बसवायची आणि एकीने दुसरीचं त्या आठवड्यातलं एक काम सांगायचं. ‘चांगली आहे’ म्हणायचं नाही, काय केलं ते सांगायचं, एवढाच नियम. एकदा ती स्वतःच म्हणाली, "गुरुवारी शबानाने अख्खा लॉट परत पाठवला. झाकणं बसत नव्हती. शेठचा ओरडा खाल्ला, पण पाठवला." शबाना लाजली. "बस इतना ही? थोडी तारीफ तो करो, ताई." "केली की. आता काय आरती ओवाळू?" त्यानंतर झाकण लावून न बघता खोक्यात डबा टाकणारी बाई मला दिसली नाही.

मग नवे मॅनेजर आले आणि त्यांच्याबरोबर कर्मचारी सन्मान योजना. ज्या विभागाची महिनाभर पूर्ण हजेरी, त्याला शिल्ड आणि भिंतीवर फोटो. एक जरी गैरहजर राहिली तर सगळा विभाग बाद. शनिवारची बैठक वेळ खाते म्हणून बंद. मंगल केबिनमध्ये जाऊन म्हणाली, "साहेब, हजेरी मशीन मोजतंच की. त्यात कौतुक कसलं?" साहेबांनी हसण्यावारी नेलं.

पुढे तिला जिना चढताना धाप लागायला लागली. मी म्हटलं, "उद्या रजा टाक, डॉक्टरकडे जाऊ. मी येते."

"महिना संपू दे गं. शबानाने फोटोसाठी ड्रेस शिवलाय. माझ्यामुळे शिल्ड हुकली तर पोरींना तोंड कसं दाखवू?"

महिना संपला, शिल्ड मिळाली. फोटोत सगळ्या उभ्या आहेत आणि मंगल कडेला खुर्चीवर. तिला उभं राहवत नव्हतं. त्याच आठवड्यात ती गेली. शोकसभेत साहेब म्हणाले, "शेवटपर्यंत एकही रजा नाही. हा आदर्श सगळ्यांनी घ्यावा." काही जणांनी टाळ्याही वाजवल्या. मग शिल्ड तिच्या नवऱ्याच्या हातात दिली.

परवा भाईंदर पश्चिमेला मंगलच्या घरी गेले. खाडीच्या वाऱ्याने दार आपटतं, म्हणून सावंत भाऊंनी ती शिल्ड खाली दाराला अडण म्हणून लावून ठेवलीय. "जड आहे. उपयोगाची आहे," ते म्हणाले. मग वाकून अक्षरांवर बोट ठेवत, "ताई, यावर उत्कृष्ट कामगिरी लिहिलंय. हिने नेमकं काय केलं, ते कुठेच नाही हो."

मी बसले आणि शनिवारच्या नियमाने तिचं एक काम सांगितलं. मग आणखी एक, मग आणखी... चहा गार झाला. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

निघताना दार ओढलं तर लागेना. शिल्ड मध्ये येत होती. मी ती पायाने बाजूला सारली.