सारे एक जूनचे

अमडापूरची दीपमाला करते काय, असं कोणी विचारलं की लोक सांगत, "कंप्युटरच्या चुका काढते." ते काही खोटं नव्हतं. दवाखान्यांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीसाठी ती घरूनच चाचण्या लिहायची. नियम एकदाच लिहायचा, 'एका पेशंटची फाइल दुसऱ्याला उघडू नये', आणि खाली खोट्या पेशंटांच्या नाव-जन्मतारखेच्या ओळी द्यायच्या. प्रत्येक ओळीवर कंप्युटर तो नियम तपासणार. ओळी तिनंच पहिल्या दिवशी भरलेल्या, त्यामुळे रोज सगळं हिरवं. आपणच पेपर काढायचा अन् आपणच सोडवायचा, मग नापास कोण होणार?

शेवटी तिचं तिलाच ते खटकलं. नावं आणि तारखा मनाला येतील तशा उचल, असं तिनं कंप्युटरलाच सांगितलं. तरी हिरवंच. पोरगी खूश.

त्या सकाळी तिचे वडील हिंमतराव डबा घेऊन चिखलीला निघाले होते. आई, सत्यभामाबाई, तिथल्या दवाखान्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी भरती होती. जाता जाता त्यांनी स्क्रीनवर नजर टाकली.

"तेरा मार्च, नऊ नोव्हेंबर? आपल्या गावात असं कोणी जन्मते काय वं? आमाले तं मास्तरनं सारे एक जूनलेच जन्माले घातले. साल बी अंदाजानंच."

दीपमाला हसली. ते गेल्यावर गंमत म्हणून तिनं नावं-आडनावं गावाकडची घेतली आणि तारीख बहुतेकांना एक जून दिली.

लाल. पुन्हा चालवलं, पुन्हा लाल. नाव आणि जन्मतारीख जुळली की सॉफ्टवेअर दोन माणसं एकच समजत होतं, आणि जुनीच फाइल उघडत होतं.

दीपमालाच्या तोंडचं पाणी पळालं. चिखलीच्या त्या दवाखान्यात हेच सॉफ्टवेअर होतं. आईची जन्मतारीखही एक जूनच. आणि आईला पेनिसिलीन चालत नव्हतं. मागं एकदा सुई टोचल्याबरोबर तिचा श्वास अडकला होता.

तिनं वडिलांना फोन लावला; ते नुकतेच दवाखान्यात पोचले होते. "बाबा, आईच्या फाइलीत कोणतं औषध चालत नाही म्हणून लिहिलं, ते नर्सले विचारा. आत्ताच."

थोड्या वेळानं हिंमतराव म्हणाले, "काहीच नाही लिहेल म्हणते. अन् पत्त्यात पिंपळगाव राजा गाव काऊन आहे वं?"

"ती फाइल आईची नाही, बाबा. त्याच नावाच्या दुसऱ्या बाईची आहे ती. पेनिसिलीनची सुई देऊ नका म्हणा."

"सुई तं नर्स भरूनच राह्यली," हिंमतराव म्हणाले, आणि फोन खाली पडल्याचा आवाज आला. मग लांबून वडिलांचं 'थांबा' ऐकू आलं. त्यांचा असा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता.

आई वाचली. दीपमालानं कळवल्यावर कंपनीतून सगळ्या दवाखान्यांना फोन गेले. संध्याकाळी तिनं चाचणीत, कंप्युटरला कधी बदलता येऊ नये अशी, एक ओळ स्वतः टाइप केली: सत्यभामाबाई, एक जून. मग तीच ओळ पुन्हा एकदा टाइप केली, पिंपळगाव राजाच्या त्या बाईसाठी.