फादर नव्हे, ब्रदर

माधवनगरात आमच्या चर्चची किल्ली जिच्याकडे असते, त्या आक्कानं मला सावरलं. हे आधी लिहितो. पुढचं वाचून माझ्याबद्दल कुणी काय म्हणायचं ते म्हणो. चर्च झाडणं, वेदीवरची कापडं धुणं आणि माझ्यासारख्या उन्हाळ्यापुरत्या पाहुण्याला जेवू घालणं, ही तिची कामं.

मी जालन्याकडचा. नववीत शाळा सोडून चार वर्षं हॉटेलात कपबशा विसळल्या. मग गावच्या फादरांनी बाहेरून दहावी-बारावी करवून घेतली आणि सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू व्हायच्या शाळेत, पाठवलं. दीक्षा होईपर्यंत आम्ही नुसते ब्रदर. तिसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात मला इथं धाडलं: आजाऱ्यांना भेटा, प्रार्थना म्हणा. मिस्साला, म्हणजे रविवारच्या मुख्य उपासनेला, मलकापूरहून फादर यायचे, एक रविवार आड.

इथं गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा होते. यंत्रांच्या खडखडाटात कान गेलेले. गुरुवारी मिरजेला त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. सोमवारी मी पांढरा झगा घालून एकटाच त्यांच्याकडे गेलो.

"या फादर, लय वाट बघत हुतो."

"ब्रदर," मी म्हणालो. हळूच म्हणालो. बहिऱ्या माणसाशी किती हळू बोललो, हे माझं मला ठाऊक. हॉटेलात मला सगळे "ए" म्हणत. इथं सत्तरीचा माणूस माझ्यासाठी खाटेवरून उठू बघत होता. गोड वाटलं.

त्यांनी सुनेला बाहेर पाठवलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि आपली पापं सांगायला लागले. ती ऐकून क्षमा देणं हे फक्त फादरांचं काम. मी थांबवायला हात वर केला. त्यांना वाटलं, धीर देतोय. मग मी बसूनच राहिलो. काय ऐकलं ते लिहिणार नाही. शेवटी घाबरून त्यांच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला आणि निघालो. मागून ते सुनेला मोठ्यानं सांगत होते, "मोकळा झालो बग. आता मेलो तरी चालंल."

मंगळवारी दुपारी आक्कानं वाढलेलं ताट तसंच राहिलं.

"आवं ब्रदर, भाकरी कडू हाय का?"

मी तोंड उघडलं, तशी आक्का म्हणाली, "म्हाताऱ्याच्या सुनंनं सांगितलं मला. त्यो काय बोलला ते मला नगं. तुमी काय केलं ते सांगा."

सांगितलं. सेमिनरीत कळलं तर घरी पाठवतील, हेही सांगितलं.

"पाठवतील न्हाईतर ठेवतील. म्हाताऱ्याचं काय? त्याला वाटतंय, सुटलो."

"ऑपरेशन झाल्यावर सांगू?"

"आन् न्हाई उठला तर?"

तिच्यासमोर मी मलकापूरच्या फादरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी येतो. त्याआधी तू स्वतः त्यांना सांग."

बुधवारी आक्का म्हणाली, "झगा नगं. शर्टावर चला."

सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा मी ओरडलो, "आजोबा, मी फादर नाही! माझं चुकलं!"

ते कोपरावर उठले. "मग ऐकलंस कशाला रं?"

आक्का म्हणाली, "मोठं व्हायची घाई झाली त्याला. मिसरूड बी धड फुटलं न्हाई."

"म्हंजे परत सगळं सांगायचं व्हय? एकदा सांगताना निम्मा मेलो हुतो." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

फादर आले तरी ते तसेच पडून. आक्का खाटेवर टेकली आणि त्यांच्या कानाशी ओरडली, "आवं, ह्यो पोरगा गल्लीदेखत आपली चूक बोलला. तुमाला तर दार लावून बोलायचंय!"

त्यांनी मान डोलावली. आम्ही बाहेर थांबलो. फार वेळ लागला. फादर बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "झालं."

आजोबा मिरजेहून परत आले. पण मी गेलो की सुनेला बाहेर जाऊ देत नसत.

सेमिनरीत परतल्यावर रेक्टरना, म्हणजे तिथल्या प्रमुखांना, मी स्वतःच सगळं सांगितलं. त्यांनी मला एक वर्ष मागं ठेवलं, काढलं नाही. माधवनगरहून निघताना मी आक्काला विचारलं होतं, तुमचं हे कसं फेडू?

"मला काय नगं. माझ्या शेवटच्या वक्ताला या. पर खरे फादर हुऊन या."

येईन, आक्का. आणि दीक्षेपर्यंत पोचलो नाही, तर एका खऱ्या फादरांना घेऊन येईन, आणि मी दाराबाहेर थांबेन.